रेड ड्वार्फ अमेरिकेत का शिजलं नाही?

तिखटराव

गेल्या आठवड्यात तापाने चार दिवस घरी होतो. वाचवत नव्हतं, म्हणून रेड ड्वार्फ ही अंतराळातली ब्रिटिश विनोदी मालिका पहिल्यापासून लावली. कितव्यांदा ते विचारू नका, घरचे मोजतात. चौथ्या दिवशी एका मित्राने पेन ड्राइव्ह आणून दिला. त्यात १९९२ साली एनबीसी या अमेरिकन वाहिनीसाठी केलेला अमेरिकन रेड ड्वार्फचा पायलट, म्हणजे मालिकेआधीचा नमुन्याचा भाग, होता. तो कधीच प्रसारित झाला नाही. चित्र धूसर, आवाज डब्यातून आल्यासारखा. ऐकून बरंच होतो, पूर्ण पहिल्यांदाच पाहिला.

ताप वाढला.

मूळ मालिकेचा पहिला प्रसंग आठवा. जहाजाच्या मळकट बोळातून दोन माणसं हातगाडी ढकलत चाललीत. त्यांचं काम म्हणजे चिकन सूपच्या यंत्राची तोटी साफ करणं वगैरे. रिमर हा साहेब, पण कुणाचा? एकट्या लिस्टरचा. लिस्टर गुणगुणतो, रिमर चिडतो. लिस्टर तोंडाने टकटक करतो, रिमर आणखी चिडतो. मग लिस्टर गप्प बसतो तर रिमर त्याच्यावर लेखी तक्रार करतो: गुणगुणल्याबद्दल, टकटक केल्याबद्दल आणि गप्प बसल्याबद्दल. दोन मिनिटांत दोघांची अख्खी कुंडली कळते.

अमेरिकन पायलटमध्ये क्रेग बिअर्को लिस्टर आहे. उंचापुरा, देखणा, केस जागच्या जागी. हा माणूस जहाजावर सगळ्यात खालच्या पायरीवर आहे हे पटतच नाही. तो तात्पुरता तिथे काम करतोय आणि सोमवारी कुठेतरी मॅनेजर म्हणून रुजू होणार आहे असं वाटत राहतं.

माझं मत असं की रेड ड्वार्फचा विनोद हरलेल्या माणसांचा आहे आणि अमेरिकेला हरलेला नायक चालत नाही, म्हणून प्रयोग फसला. तुम्हाला काय वाटतं? इतर ब्रिटिश मालिकांच्या अमेरिकन अवतारांबद्दलही लिहा.

खगोलवेडी

मी मालिका पाहिलेली नाही. थोडक्यात गोष्ट सांगाल का? नाहीतर हा धागा मला रिमरच्या परीक्षेसारखा जाईल असं दिसतंय. (रिमर कोण ते माहीत नाही, वरच्या मजकुरावरून अंदाज केला.)

तिखटराव

खगोलवेडी, अंदाज अचूक! रिमर अधिकारी होण्याची परीक्षा वर्षानुवर्षं देतो आणि नापास होतो. एकदा तर पेपरात 'मी मासा आहे' असं ४०० वेळा लिहून, वर छोटासा नाच करून चक्कर येऊन पडला.

गोष्ट अशी. रेड ड्वार्फ हे खाणकामाचं अवाढव्य जहाज. लिस्टर चोरून मांजर आणतो, पकडला जातो, पण मांजर कुठे लपवलंय ते सांगत नाही. शिक्षा म्हणून त्याला काळ गोठवणाऱ्या कोठडीत टाकतात. तेवढ्यात रिमरने नीट न केलेल्या दुरुस्तीमुळे किरणोत्सर्ग होतो आणि सगळे मरतात. लिस्टर बाहेर येतो तो ३० लाख वर्षांनी. सोबतीला कोण? मेलेल्या रिमरची होलोग्राम आवृत्ती, थोडा भ्रमिष्ट झालेला संगणक होली, आणि त्या मांजरीच्या वंशात उत्क्रांत झालेला, आरशावर जीव असलेला एक मांजरमाणूस. पुढे क्रायटन नावाचा यंत्रमानवही येतो. १५ फेब्रुवारी १९८८ ला बीबीसी टू वर सुरू झालं. रॉब ग्रँट आणि डग नेलर यांचं लेखन.

खगोलवेडी

मांजरीसाठी शिक्षा भोगली? मग तो हरलेला कसा? मला तर आत्ताच आवडला.

निळी_पेटी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. तोवर डॉक्टर हू बद्दल, म्हणजे निळ्या पेटीतून काळाचा प्रवास करणाऱ्या डॉक्टरच्या मालिकेबद्दल लिहितो, माझं आयडीच तसं आहे.

मुळात डॉक्टर हू 'शुद्ध ब्रिटिश' वगैरे कधीच नव्हतं. २३ नोव्हेंबर १९६३ ला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी ते सुरू झालं. त्यामागचा सिडनी न्यूमन कॅनडाचा. निर्माती व्हेरिटी लँबर्ट, सत्तावीस वर्षांची. आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा! म्हणजे पहिला डॉक्टर पडद्यावर आणणारा माणूस आपल्या बाजूचा. हे मी लग्नकार्यात सांगतो, कुणी ऐकत नाही.

१९८९ ला बीबीसीने मालिका बंद केली. मग १९९६ मध्ये फॉक्स, युनिव्हर्सल आणि बीबीसीने मिळून एक टीव्ही चित्रपट केला. गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोत घडते, चित्रीकरण व्हँकुव्हरचं. पॉल मॅगॅन डॉक्टर, एरिक रॉबर्ट्स खलनायक मास्टर. सुरुवातीलाच जुना डॉक्टर (डॉक्टर मेला की नव्या चेहऱ्याने परत येतो) पेटीतून बाहेर पाऊल टाकतो आणि चायनाटाउनच्या गल्लीत टोळीच्या गोळीबारात सापडतो. मग इस्पितळात त्याची दोन हृदयं बघून एक्स-रे चुकलाय असं ठरवतात आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरच तो मरतो. शत्रूंच्या फौजांना पुरून उरलेला माणूस अमेरिकेत उतरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत गोळी खातो आणि इस्पितळात संपतो. याहून अमेरिकन रूपांतर काय असणार?

पुढे डॉक्टरला आईकडून अर्धा माणूस ठरवलं, त्यावर जुने चाहते आजही दात-ओठ खातात. बायकोला चुंबनाचा प्रसंग आवडला, मला नाही.

पण मॅगॅन! त्या एका चित्रपटाने तो डॉक्टर झाला आणि मालिका काही झाली नाही. पुढे ध्वनिनाट्यांत त्याने तीच भूमिका वर्षानुवर्षं केली. २०१३ च्या छोट्या भागात तो परत पडद्यावर आला तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी होतं. कांदा नव्हता.

हुच्च_हुजूर

तिखटराव, सॉरी, पण 'अमेरिकेला हरलेला नायक चालत नाही' हे वाक्य गेली तीस वर्षं प्रत्येक ब्रिटिश विनोदाचा चाहता म्हणतो आणि कुणी तपासत नाही. १९९२ साली अमेरिकेच्या टीव्हीवर काय चालू होतं? 'मॅरिड विथ चिल्ड्रन', ज्यात नायक बुटांच्या दुकानात विक्रेता आणि शाळेतल्या एका फुटबॉल सामन्याच्या आठवणीवर जगतो. रोझॅन, ज्यात विजेचं बिल भरायची मारामार. सिम्पसन्स. हे सगळे विजेते का?

आणि निळी_पेटी, तुमच्या डॉक्टरला त्या रात्री अमेरिकेत कोणी मारलं ते सांगा ना. १४ मे १९९६, समोर रोझॅनचा भाग होता आणि त्यात तिच्या नवऱ्याच्या हृदयविकाराच्या झटक्याची गोष्ट चालू होती. सगळा अमेरिका तिकडे. दोन हृदयांचा डॉक्टर हरला, एक बिघडलेलं हृदय जिंकलं.

निळी_पेटी

हसून हसून पुरेवाट. शेवटचं वाक्य चोरणार.

(पण ब्रिटनमध्ये तोच चित्रपट ९० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. नोंद असावी.)

एडिसनची_माई

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. धाग्याच्या शीर्षकावरच माझा आक्षेप आहे. रेड ड्वार्फ अमेरिकेत शिजलं होतं की! आम्ही खाल्लंय.

आम्ही ९१ साली न्यू जर्सीत आलो. मुलगा तान्हा, रात्री झोपायचा नाही. त्याला खांद्यावर टाकून मी टीव्हीसमोर येरझारा घालायची, आवाज अगदी बारीक. सार्वजनिक वाहिनीवर रात्री उशिरा ब्रिटिश विनोदी मालिका लागायच्या. तिथेच लिस्टर पहिल्यांदा भेटला. पहिल्या दिवशी मला त्याच्या बोलण्यातलं निम्मंही कळलं नाही. लिस्टर करणारा क्रेग चार्ल्स लिव्हरपूलचा, तो तिथल्या हेलात बोलतो. पण सगळे गेलेत आणि हा एकटा घरापासून इतका लांब, परतीचा रस्ता नाही, आणि तरी खोलीत पसारा करून निवांत गिटार वाजवतोय, हे मला त्या वर्षी फार लागलं. माझ्याकडे गिटार नव्हती एवढाच फरक.

त्या वाहिन्या वर्गणीवर चालतात. मधेमधे कार्यक्रम थांबवून देणग्या मागतात. आमच्या शेजारची बाई, जन्माने अमेरिकन, कधी इंग्लंडला न गेलेली, या मालिकांसाठी दरवर्षी चेक लिहायची. तेव्हा अमेरिकन प्रेक्षकाला मूळ मालिका पचत होती. नेटवर्कला ती स्वतःच्या स्वयंपाकघरात करता आली नाही. दोन्हीत फरक आहे.

व्यवहारही बघा. बीबीसीला वर्षाला सहा भाग चालायचे, अर्ध्या तासाचे, मध्ये जाहिरात नाही. नेटवर्कला बावीस-चोवीस भाग हवेत, प्रत्येक भागात जाहिरातीपूर्वी एक धक्का हवा. सहा भाग दोन माणसं एका खोलीत भांडू शकतात. चोवीस भाग भांडायचं तर कुणीतरी कुणावर प्रेम केलंच पाहिजे.

चकलीचा_सोऱ्या

माईंना +१००. शेवटच्या वाक्यावर माझ्या संसाराचा प्रबंध होईल.

म्हापशाचो_पोदेर

इतका वेळ गप्प होतो, पण मालिकेत विंदालूचा विषय आहे आणि अजून कुणी विंदालू हा शब्दसुद्धा काढलेला नाही? तिखटराव, तुम्ही तरी!

लिस्टरचं पहिलं प्रेम म्हणजे विंदालू. १९९१ च्या एका भागात तर यंत्राच्या घोळात त्याच्या विंदालूचाच राक्षस होतो आणि तो शेवटी बिअरने मरतो. ते बघून आमच्या घरी मावशी म्हणाली होती, 'पोर्क खंय आसा?' आणि प्रश्न बरोबर होता.

खरं विंदालू पोर्तुगीजांच्या 'कार्न द विन्या द आल्योस' मधून आलं, म्हणजे वाइन आणि लसणातलं मांस. आमच्याकडे वाइनच्या जागी माडाच्या सुरेचं विनेगर आलं, सुक्या लाल मिरच्या आल्या. डुकराचं मांस त्या वाटणात मुरवायचं, आणि केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी खायचं. त्यात आंबटपणा आधी लागतो, तिखट मागून येतं. बटाटा नाही! 'आल्यो' म्हणजे लसूण, त्याचं कुणीतरी 'आलू' केलं आणि आता जगभर विंदालूत बटाटे पोहतात.

इंग्लंडातल्या करी हॉटेलांत, जी बहुतेक सिल्हेटकडच्या लोकांनी चालवली, विंदालू म्हणजे मेनूवरचा तिखटाचा आकडा झाला. पबमधून बाहेर पडायचं, हॉटेलात शिरायचं आणि मर्दुमकी म्हणून विंदालू मागवायचं. लिस्टर खातो तो हा विंदालू. इंग्लंडमध्ये तो शब्द नुसता उच्चारला की माणूस कुठल्या गल्लीतला, किती वाजता जेवतो, सगळं कळतं. १९९२ च्या अमेरिकन दिवाणखान्यात त्या शब्दाने काय कळणार होतं? तिथे एक पूर्ण वाक्य खर्चून समजवावं लागलं असतं, आणि समजावलेला विनोद म्हणजे बटाटा घातलेलं विंदालू.

हुच्च_हुजूर

पोदेरबाब, ही पोस्ट फ्रेम करून लावायला पाहिजे. पण मग अमेरिकन लिस्टरला दुसरं काही खायला द्यायचं होतं. मिरचीचे हॉट डॉग द्या, काहीही द्या. अडचण खाण्याची नाही.

नेपथ्यातला_नाना

इथे मला बोलू द्या, हौशी रंगभूमीवर पस्तीस वर्षं काढलीत.

आपल्याकडे रूपांतराची परंपरा दांडगी आहे. देवलांनी ऑथेल्लोचा झुंजारराव केला. पुलंनी शॉच्या पिग्मॅलियनची ती फुलराणी केली. फुलराणीत काय केलंय बघा. शॉच्या नाटकाचा प्राण इंग्रजीच्या उच्चारांत आहे. कोण कसं बोलतं त्यावरून कोण कुठल्या वर्गातलं हे ठरतं. ते मराठीत शब्दशः आणणं अशक्य. पुलंनी ते आणलंच नाही. आपल्याकडे 'न' आणि 'ण' वरून, हेलावरून माणूस कसा तोलला जातो ते घेतलं आणि मंजुळा उभी केली. रूपांतर करणाऱ्याला आपल्या मातीतली तशीच जखम शोधावी लागते.

मी स्वतः एकदा सपशेल आपटलोय. इंग्रजी एकांकिका घेतली, त्यात एक बटलर होता. मी त्याचा रामा गडी केला, धोतर नेसवलं, हातात ट्रे दिला. गोष्ट डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये घडत होती. तिसऱ्या रांगेतून एक आजी मोठ्याने म्हणाल्या, 'अगं, हा झोपतो कुठे?' पुढची वीस मिनिटं प्रेक्षक तेवढाच विचार करत होते. मीसुद्धा.

एनबीसीच्या पायलटची तीच गत दिसते. जहाज आणलं, दोन बंक आणले, होलोग्रामच्या कपाळावरचा 'एच' आणला. लिस्टर झोपतो कुठे हा विचार केला नाही.

खगोलवेडी

मराठीत केलं तर? रिमर कुठल्यातरी सरकारी खात्यात, दरवर्षी खात्याची परीक्षा देणारा, टेबलावर रंगीत पेन्सिलींनी आखलेलं अभ्यासाचं वेळापत्रक.

तिखटराव

खगोलवेडी, तुम्ही नक्की मालिका पाहिली नाही? रिमर हुबेहूब हेच करतो! वेळापत्रक आखण्यातच अभ्यासाचे दिवस संपतात.

चकलीचा_सोऱ्या

आणि लिस्टर लालबागचा. विंदालूच्या जागी मिसळ?

म्हापशाचो_पोदेर

मिसळ आता प्रतिष्ठित झाली. लोक रांगेत उभे राहून फोटो काढतात. लिस्टरला असं काही हवं जे रात्री दीडला गाडीवर मिळतं आणि सकाळी आठवतं.

चकलीचा_सोऱ्या

भुर्जी-पाव. ठराव मंजूर.

नेपथ्यातला_नाना

मूळ मुद्दा राहिला होता. याच एनबीसीने हे काम वीस वर्षं आधी उत्तम केलं होतं!

बीबीसीवर १९६२ पासून 'स्टेपटो अँड सन' होती. भंगारवाले बाप-लेक, बाप चिवट, मुलगा निसटू पाहणारा, आणि दोघांची कायमची जुंपलेली. ग्रँट आणि नेलर यांनी रेड ड्वार्फचे धागे सांगताना या मालिकेचं नाव घेतलेलं आहे. अंतराळात नेलेली तीच खोली, तेच कुचंबलेलं जोडपं. १९७२ मध्ये एनबीसीने स्टेपटोचं 'सॅनफर्ड अँड सन' केलं. लंडनचे गोरे भंगारवाले नाही घेतले. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातला काळा बाप आणि मुलगा घेतला, बाप म्हणून रेड फॉक्स. तिथला वर्ग, तिथला वर्ण, तिथली भाषा. पाच वर्षं तुफान चाललं.

आता १९९२ बघा. मूळ रेड ड्वार्फच्या चार मुख्य माणसांपैकी दोघे, क्रेग चार्ल्स आणि डॅनी जॉन-ज्यूल्स, काळे ब्रिटिश नट, आणि त्याचा मालिकेत कुठे गाजावाजा नाही. अमेरिकन पायलटमध्ये लिस्टर गोरा झाला. मांजरमाणूस हिंटन बॅटल होता, तो काळा नट. पण दुसऱ्या खेपेला जी छोटी फीत केली त्यात तोही गेला आणि टेरी फॅरेल आली. जी संस्था १९७२ मध्ये वॉट्समध्ये जाऊन उत्तर शोधून आली, तिला १९९२ मध्ये प्रश्नच पडला नाही.

एडिसनची_माई

नाना, हे मला सुचलंच नव्हतं. आणि सॅनफर्डचे पुनःप्रसारण आम्ही भरपूर पाहिलंय. अनुमोदन.

हुच्च_हुजूर

नानांचा मुद्दा वजनदार आहे, पण सगळं खापर नटांवर आणि लेखकावर नको. बिअर्को पुढे ब्रॉडवेवर टोनी या नाट्यपुरस्काराच्या नामांकनापर्यंत पोचला. बॅटलकडे तर तीन टोनी. होली झालेली जेन लीव्ह्ज वर्षभरात फ्रेझर या गाजलेल्या विनोदी मालिकेत गेली. टेरी फॅरेल स्टार ट्रेकच्या डीप स्पेस नाइनमध्ये गेली. रॉबर्ट लुएलिनला क्रायटन म्हणून मूळ मालिकेतूनच नेलं होतं. वाईट माणसं कुठे आहेत यात?

आणि पायलट लिहिणारा लिनवुड बूमर! त्याने २००० साली काय केलं माहीत आहे? 'माल्कम इन द मिडल'. फाटक्या घरात किंचाळणारी आई, नोकरीत पिचलेला बाप, एकमेकांचा गळा धरणारी पोरं. हरलेल्या माणसांवर त्याच्याइतकं प्रेमाने कुणी लिहिलं नसेल. म्हणजे माणूस तोच, देश तोच, आणि विषयही जवळजवळ तोच. मग १९९२ मध्ये काय झालं?

तिखटराव

बूमरचं माल्कम मला माहीत होतं पण ही सांगड घातली नव्हती. माझं 'हरलेला नायक चालत नाही' आता लंगडं झालं, कबूल.

एक भर. पायलटच्या वेळी ग्रँट आणि नेलर तिथे होते आणि त्यांनी संहिता पुन्हा लिहून दिली होती. नटांना ती जास्त आवडली, तरी चित्रित झालं ते बरंचसं बूमरचंच.

खगोलवेडी

मालिका अजून सुरू केली नाही, पण यातल्या अंतराळाबद्दल मला काही म्हणायचं आहे. तुम्ही सगळे विनोदाबद्दल बोलताय.

अमेरिकन माणूस घरात हरू शकतो, दुकानात हरू शकतो. अंतराळात त्यांनी नेहमी निवडक माणूस पाठवलाय. अपोलोवाले कोण होते? वैमानिक, अभियंते, हजारांतून चाळलेले. १९९२ ला टीव्हीवर स्टार ट्रेकची दुसरी पिढी चालू होती, तिथेही जहाजावर जो तो हुशार. त्या आकाशात सूपची तोटी साफ करणारा कसा बसवणार?

आता ब्रिटन. त्यांचा ब्लॅक ॲरो नावाचा अग्निबाण होता. जुलै १९७१ मध्ये सरकारने कार्यक्रम बंद केला. पण शेवटचा अग्निबाण ऑस्ट्रेलियाला रवाना झालेला होता, म्हणून ऑक्टोबरमध्ये वूमेराहून तो सोडला. आणि तो यशस्वी झाला! प्रॉस्पेरो नावाचा उपग्रह कक्षेत गेला, आजही फिरतोय. स्वतःच्या बळावर उपग्रह सोडण्याची क्षमता मिळवून ती सोडून देणारा हा एकमेव देश. काम जमलं त्याच्या आधीच दुकान बंद. हा रिमर आहे की नाही सांगा.

निळी_पेटी

उभा राहून टाळ्या.

नेपथ्यातला_नाना

धाग्याची वाचनखूण साठवली. ताई, तुम्ही मालिका पाहूच नका, न पाहताच बरं लिहिता.

हुच्च_हुजूर

छान आहे, पण पूर्ण खरं नाही. दोन अपवाद.

एक: 'क्वार्क'. एनबीसीच. १९७७-७८. नायक अंतराळातला कचरा गोळा करणाऱ्या जहाजाचा कप्तान! आठ भागांत गुंडाळली.

दोन: 'डार्क स्टार', जॉन कार्पेंटरचा १९७४ चा सिनेमा. कंटाळलेले, दाढी वाढलेले, एकमेकांना विटलेले अंतराळवीर. त्याचा सहलेखक डॅन ओबॅनन याने पुढे 'एलियन' लिहिला, त्यातही खलाशी बोनसवरून कुरकुरतात. ग्रँट-नेलर डार्क स्टारचं ऋण मान्य करतात. म्हणजे मळकट जहाजातला कामगार ही कल्पना अमेरिकेतूनच इंग्लंडला गेली होती. १९९२ मध्ये ती माहेरी आली तर घरच्यांनी ओळखली नाही.

खगोलवेडी

अपवाद मान्य. पण क्वार्क आठ भागांत संपली हे तुम्हीच सांगितलंत, म्हणून अर्धा गुण मला.

हुच्च_हुजूर

दिला. आणखी अर्धा फ्युचरामाला: १९९९, पिझ्झा पोचवणारा पोरगा हजार वर्षं गोठून पडतो. लिस्टरचा चुलतभाऊ अमेरिकेत जन्मला, फक्त सात वर्षं उशिरा आणि कार्टून होऊन.

निळी_पेटी

आणि तो गोठतो ती रात्र ३१ डिसेंबर १९९९. माझा डॉक्टर सॅन फ्रान्सिस्कोत जग वाचवतो तीही ३१ डिसेंबर १९९९! त्या रात्री अमेरिकेत वाहतूक फार होती.

चकलीचा_सोऱ्या

रहस्यभेद होईल, ज्यांना 'लाइफ ऑन मार्स' बघायची आहे त्यांनी पुढचं वाचू नये.

मूळ बीबीसी मालिकेत मँचेस्टरचा पोलीस अपघातानंतर १९७३ मध्ये जागा होतो. नाव डेव्हिड बोवी या इंग्रज गायकाच्या गाण्यावरून. अमेरिकन आवृत्ती २००८ मध्ये आली, न्यूयॉर्कमध्ये, हार्वे कायटेल वगैरे भारी माणसं. १७ भागांत बंद. आणि शेवटी काय कळतं? नायक पोलीस नाहीच. तो अंतराळवीर आहे, झोपलेल्या अवस्थेत यानातून खरोखरच्या मंगळावर चाललाय!!

गाण्याचं नाव होतं हो. यांनी पत्ता समजून गाडी काढली.

एडिसनची_माई

हसून हसून गडबडा लोळले! खगोलवेडी, हा अर्धा गुणही तुलाच. बघ, शेवटी अंतराळवीरच लागला.

म्हापशाचो_पोदेर

डिस्नेवाल्या डॉक्टरचं काय झालं? मुलगा विचारतोय.

निळी_पेटी

ते रूपांतर नव्हतं, भागीदारी होती. २०२३ च्या खास भागांपासून डिस्ने प्लसचा पैसा आला, मालिका कार्डिफचीच राहिली. २०२५ मध्ये भागीदारी संपली. माझ्या मते जहाज चकचकीत झालं आणि बोळ दिसेनासे झाले. मला डुगडुगणाऱ्या भिंती आवडतात. यावर वेगळा धागा काढा, इथे सुरू केलं तर मी जेवायला उठणार नाही.

तिखटराव

काल रात्री पायलट परत लावला, हुच्च_हुजूरांमुळे. या वेळी ताप नव्हता. खरं सांगायचं तर वाटला होता तितका टाकाऊ नाही. जेन लीव्ह्जची होली मस्त आहे. लुएलिन तर पाहुणा असून यजमानासारखा वावरतो. पण लिस्टर बोलायला लागला की मी त्याच्या बुटांकडे बघत होतो. मूळ लिस्टरच्या जाकिटावरचे डाग मला तोंडपाठ आहेत. या लिस्टरवर मला डाग सापडला नाही, आणि मी चार वेळा थांबवून पाहिलं. नाना म्हणतात तसं, हा झोपतो कुठे?

म्हापशाचो_पोदेर

विंदालूची सविस्तर कृती पाककृती विभागात टाकली आहे. तिथे पहिल्याच प्रतिसादात 'बटाटे केव्हा घालायचे?' असं विचारणाऱ्या चकलीचा_सोऱ्या यांना मी ओळखत नाही.

खगोलवेडी

शेवटी सुरू केली. चार भाग झाले. नवरा सुरुवातीला पेपर आडवा धरून बसला होता. रिमरची ती लेखी तक्रार आली तेव्हा पेपर खाली आला आणि म्हणाला, 'हा आमच्या सेक्शनला होता.' आता माझ्याशिवाय पुढचा भाग लावायचा नाही अशी त्याला तंबी दिली आहे.

पण चौथ्या भागाबद्दल तुमच्यापैकी कुणीच का सांगितलं नाही? त्या मांजरांचा अख्खा धर्म लिस्टरच्या नावाने निघालाय, त्याच्या धुण्याच्या यादीला पवित्र ग्रंथ मानतात, आणि टोप्या लाल हव्यात की निळ्या यावरून धर्मयुद्ध होऊन बरीचशी जमात मरते. लिस्टर ते ऐकतो. तोंड पडतं त्याचं.

हिरव्या हव्या होत्या हो टोप्या. हिरव्या!